जोसेफ राइट यांचे 'निर्वात पंपातील पक्ष्यावरील प्रयोग' : अद्भुतरसाच्या मर्यादांचा विचार

प्रास्ताविक

अठराव्या शतकातील युरोपीय चित्रकलेत विज्ञानविषयक विस्मयाचे गौरवचित्र म्हणून ज्या कलाकृतीचा निर्देश वारंवार केला जातो, ती म्हणजे जोसेफ राइट (१७३४–१७९७) या इंग्रज चित्रकाराचे 'निर्वात पंपातील पक्ष्यावरील प्रयोग' हे १७६८ मधील तैलचित्र. सुमारे १८३ सेंटिमीटर उंच व २४४ सेंटिमीटर रुंद असलेले हे चित्र १८६३ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. विज्ञानाच्या इतिहासावरील पुस्तकांत, प्रबोधनयुगावरील विवेचनात आणि वायूंच्या अभ्यासाची ओळख करून देणाऱ्या लेखनात हे चित्र इतक्या वेळा छापले गेले आहे, की त्याच्याकडे चित्र म्हणून पाहण्याची गरजच उरली नाही असे वाटावे. 'विज्ञानाच्या प्रकाशाने उजळलेले चेहरे' हे त्याचे ठरलेले वर्णन होऊन बसले आहे. हे वर्णन अगदीच चुकीचे नाही. मात्र त्या उजळलेल्या चेहऱ्यांवर नेमके काय उमटले आहे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न पुढे ठेवून या चित्राचा विचार केला आहे. त्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील रसविचाराचा आधार घेतला आहे. युरोपीय चित्राला भारतीय परिभाषा लावण्यात एक प्रकारची आगंतुकता आहे, हे खरे. परंतु रसांचा विचार चित्रकलेला परका नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने तो केलेला आहे. शिवाय 'विस्मय' हा शब्द एकदा वापरला, की ज्या परंपरेने विस्मयाला स्थायीभाव मानून त्याची लक्षणे सांगितली, तिच्याकडे वळणे स्वाभाविकच आहे.

चित्रातील रात्र

एका घरातील दालन, वेळ रात्रीची. मेजाभोवती दहा व्यक्ती जमलेल्या आहेत. मेजावर दोन नळकांड्यांचा हवा उपसणारा पंप असून त्याच्या माथ्यावर काचेचा गोल आहे. गोलात एक पांढरा काकाकुवा अर्धवट कोसळलेला दिसतो. त्याचा एक पंख पसरलेला आहे आणि मान लुळी पडलेली आहे. गोलातील हवा काढून घेतलेली आहे. लांब पांढुरक्या केसांचा, लाल झगा घातलेला व्याख्याता डावा हात गोलाच्या वरच्या झडपेवर ठेवून उभा आहे. ती झडप उघडली तर हवा आत शिरेल आणि पक्षी वाचेल. न उघडली तर तो मरेल. व्याख्याता पक्ष्याकडे पाहत नाही. त्याची नजर सरळ चित्राबाहेर, प्रेक्षकावर रोखलेली आहे.

प्रकाशाचा उगम मेजावरच आहे, पण तो झाकलेला आहे. गढूळ द्रवाने भरलेल्या एका काचपात्रामागे मेणबत्ती ठेवलेली असून त्या पात्रात काहीतरी बुडालेले दिसते. काही अभ्यासकांच्या मते ती कवटी आहे, तर काहींच्या मते प्राण्याचे फुप्फुस. ते काहीही असले, तरी चित्रातील सर्व उजेड एका मृत अवयवाच्या आडून येतो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. झाकलेल्या दिव्याची ही युक्ती राइट यांची स्वतःची नव्हे. काराव्हाज्जोच्या प्रभावाखालील उत्रेख्तच्या चित्रकारांनी, विशेषतः होंटहोर्स्टने, ती धार्मिक प्रसंगांसाठी सिद्ध केली होती. तिथे हा प्रकाश दैवी साक्षात्काराचा असे. राइट यांनी तो प्रयोगाच्या मेजावर आणून ठेवला. या स्थलांतरालाच पुष्कळ टीकाकार विज्ञानाचा गौरव मानतात.

मेजावर मॅग्डेबुर्गचे गोलार्धही पडलेले दिसतात. ऑटो फॉन गेरिकेने सतराव्या शतकाच्या मध्यास वातावरणाच्या दाबाचे सामर्थ्य दाखवण्यासाठी वापरलेले हे साधन घोड्यांनाही विलग करता आले नव्हते. म्हणजे निर्वाताचा परिणाम दाखवण्यासाठी जिवाची गरज नाही, याची खूण चित्रकाराने त्याच मेजावर ठेवली आहे. तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही.

विस्मय कोणाच्या चेहऱ्यावर ?

भरताने अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय सांगून नेत्र विस्फारणे, पापणी न लवता पाहणे, रोमांच इत्यादी त्याचे अनुभाव नोंदवले आहेत. हे अनुभाव चित्रातील दहा व्यक्तींमध्ये शोधू लागले असता मिळणारे उत्तर अनपेक्षित आहे. डावीकडे वर मान करून टक लावून पाहणारा एक मुलगा विस्मित म्हणता येईल. त्याच्याजवळ बसलेल्या पुरुषाच्या हातात घड्याळ आहे. तो पक्ष्याचा काळ मोजतो आहे आणि त्याच्या ठायी विस्मयापेक्षा अवधान अधिक आहे. त्यांच्या मागे उभे असलेले तरुण जोडपे एकमेकांतच गुंतलेले आहे. हे दोघे म्हणजे राइट यांचे परिचित थॉमस कोल्टमन व मेरी बार्लो असावेत असे मानले जाते. त्यांचा विवाह १७६९ मध्ये झाला आणि पुढे राइट यांनी त्यांचे स्वतंत्र चित्रही रंगवले. उजवीकडील वृद्ध काठीवर हात टेकून, मान खाली घालून मेजावरील काचपात्राकडे पाहत विचारात बुडाला आहे. दोन मुलींपैकी थोरलीने हाताने डोळे झाकले आहेत. धाकटी पक्ष्याकडे पाहते आहे, पण तिच्या दृष्टीत नवल नसून भय आणि कळवळा आहे. त्यांच्याजवळचा पुरुष एक हात थोरलीच्या खांद्याभोवती टाकून दुसऱ्या हाताने वर बोट दाखवतो आहे. खिडकीपाशी एक मुलगा दोरीने पिंजरा वर-खाली करतो आहे. राहिला तो व्याख्याता, आणि त्याची मुद्रा विस्मयाच्या पलीकडची आहे.

या गणतीनुसार ज्या चित्राला विस्मयाचा उत्सव म्हटले जाते, त्यात खरा विस्मय फार तर एका चेहऱ्यावर आढळतो. बाकीच्या चेहऱ्यांवर मोजमाप, अनुराग, चिंतन, भय, करुणा व कर्तव्य आहे. या वैविध्यामुळेच चित्र श्रेष्ठ ठरते हे मान्य केले, तरी 'अद्भुत हाच येथील अंगी रस' हे विधान टिकत नाही.

हाच निकष राइट यांच्याच १७६६ मधील ऑररीच्या चित्राला लावला असता भेद अधिक स्पष्ट होतो. सूर्याच्या जागी दिवा ठेवून ग्रहमालेच्या यांत्रिक प्रतिकृतीवर व्याख्यान देणाऱ्या तत्त्वज्ञाचे ते चित्र डार्बी येथील संग्रहालयात आहे. त्यातील मुले कड्यांवर रेलून आत डोकावतात, एक श्रोता टिपणे घेतो आणि सर्वांच्या मुद्रांवर एक शांत तन्मयता आहे. गौरवचित्र हा शब्द तिथे पूर्णपणे शोभतो, कारण तिथला दिवा कोणाच्याही श्वासाच्या मोबदल्यात जळत नाही. दोन वर्षांनंतर चित्रकाराने तोच लाल झगा, तीच मेजाभोवतीची मंडळी आणि तोच झाकलेला उजेड पुन्हा घेतला व ग्रहमालेच्या जागी एक प्राणी ठेवला. ही दोन चित्रे एकाच भावनेची दोन रूपे म्हणून शेजारी छापण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी योग्य नव्हे.

बॉईलची नोंद आणि राइट यांची रात्र

रॉबर्ट बॉईल याने रॉबर्ट हूकच्या साहाय्याने १६५९ च्या सुमारास हवेचा पंप तयार करवून घेतला आणि १६६० मध्ये त्यावरील प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एकेचाळिसावा प्रयोग श्वसनासंबंधी असून त्यात चंडोल, चिमणी, उंदीर यांना पंपाच्या काचपात्रात ठेवून हवा काढली आहे. या प्रयोगाच्या वर्णनात बॉईलने एक तपशील नोंदवला आहे. एकदा पक्षी तडफडू लागताच उपस्थित स्त्रियांना दया आली आणि त्यांनी तातडीने हवा आत सोडायला लावली, पक्षी वाचला. त्यानंतर प्रयोगात पुन्हा व्यत्यय येऊ नये म्हणून एक प्रयोग रात्री करण्यात आला.

ज्ञानाच्या कार्यात करुणा ही अडथळा ठरली आणि तो टाळण्यासाठी रात्रीचा आडोसा घ्यावा लागला, अशी ही सरळ, कोरडी नोंद आहे. तिच्याजवळ राइट यांचे चित्र ठेवले असता ते एका वेगळ्याच अर्थाने बोलू लागते. इथेही रात्र आहे. मात्र ज्या दयेला टाळण्यासाठी बॉईलने रात्र निवडली, ती दया राइट यांनी दोन मुलींच्या रूपाने पुन्हा त्या रात्रीत आणून उभी केली आहे, आणि तीही चित्रातील सर्वांत तेजस्वी उजेडात. राइट यांनी बॉईलचा ग्रंथ वाचला होता की नाही, यावर हे निरीक्षण अवलंबून नाही. प्रयोगाच्या इतिहासाने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांना चित्राने आत घेतले, हे चित्रातच दिसते.

स्टीव्हन शेपिन व सायमन शॅफर यांनी १९८५ मधील आपल्या 'लेव्हायथन अँड द एअर-पंप' या ग्रंथात बॉईलच्या प्रयोगपद्धतीत साक्षीदारांना असलेले महत्त्व विशद केले आहे. प्रयोग घडला हे सत्य ठरण्यासाठी तो विश्वसनीय व्यक्तींनी पाहिलेला असावा लागे. या दृष्टीने राइट यांची मंडळी हा साक्षीदारांचाच मेळावा आहे. फरक एवढाच, की यातील निम्मे साक्षीदार साक्ष द्यायला अपात्र ठरतील: एक डोळे झाकून बसली आहे, दोघे एकमेकांत रमले आहेत, एक स्वतःच्या विचारांत आहे, एकाची पाठ प्रयोगाकडे आहे. तरीही चित्रकाराने त्यांतील कोणालाही हास्यास्पद केलेले नाही. डोळे झाकणारी मुलगी ही अज्ञानाचे प्रतीक आणि घड्याळवाला पुरुष हा ज्ञानाचे, अशी सोपी वाटणी अनेक विवेचनांत आढळते. तिला चित्रात आधार नाही.

येथे १७६० च्या दशकातील वस्तुस्थितीही लक्षात घ्यावयास हवी. बॉईलच्या काळी दुर्मीळ आणि अतिशय महाग असलेला पंप आता उपकरणे बनवणाऱ्यांकडे विकत मिळत होता. निसर्ग-तत्त्वज्ञानाची व्याख्याने देत फिरणारे व्याख्याते गावोगावी प्रयोग दाखवीत. त्यांपैकी जेम्स फर्ग्युसन याने १७६२ मध्ये डार्बीत व्याख्याने दिली होती. याच फर्ग्युसनने जिवंत प्राण्यावरील हा प्रयोग माणुसकी असलेल्या प्रेक्षकांना अत्यंत धक्कादायक वाटतो, असे नमूद करून प्राण्याऐवजी फुग्यासारख्या पिशवीने फुप्फुसाचे काम दाखवणारे उपकरण वापरावे अशी शिफारस केली होती. याचा अर्थ असा, की हे चित्र रंगवले गेले त्या वेळी पक्ष्याला पंपात घालणे अपरिहार्य राहिलेले नव्हते. त्यातून नवे ज्ञानही मिळत नव्हते. शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट कुटुंबासमोर पुन्हा करून दाखवली जात होती. चित्रातील प्रसंग शोधाचा नसून प्रात्यक्षिकाचा आहे, आणि अध्यापनाशी संबंधित वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. वर बोट दाखवणारा तो पुरुष मुलीला तिथून दूर नेत नाही. तो तिला पाहायला शिकवतो आहे. या शिकवण्यात मायाही आहे आणि सक्तीही.

मरणाचे कारणही त्या काळी कोणाला पुरते ठाऊक नव्हते. प्रीस्टलीने हवेतील श्वसनोपयोगी घटक वेगळा केला तो १७७४ मध्ये. त्याला ऑक्सिजन हे नाव पुढे लाव्हाझ्येने दिले. मराठीत ज्याला 'प्राणवायू' म्हटले जाते, त्याची कल्पना या दालनातील कोणालाही नाही. हवा नसली की जीव जातो एवढेच ते जाणतात, आणि का जातो हे न कळताच तो जाताना पाहतात. प्रीस्टलीच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट आठवते. त्याच्या वायूंवरील प्रयोगांसाठी पकडलेल्या उंदराच्या वतीने ॲना लेटिशिया एकिन हिने लिहिलेली विनंतीवजा कविता १७७३ मध्ये प्रसिद्ध झाली. राइट यांच्या चित्रातील मुलींची बाजू पाच वर्षांनी अशी शब्दांत उतरली.

काकाकुवा

चित्राचे पूर्वरेखन राइट यांच्या एका आत्मचित्राच्या पाठीवर उपलब्ध आहे. त्यातील पक्षी साधा, गावठी आहे. अंतिम चित्रात त्याच्या जागी काकाकुवा आला. या बदलाचे व्यावहारिक स्पष्टीकरण देता येते: अंधाऱ्या पार्श्वभूमीवर मोठा पांढरा पक्षी उठून दिसतो आणि राइट यांनी यापूर्वी चेस दांपत्याच्या व्यक्तिचित्रात असाच पक्षी रंगवलेला होता. परंतु त्याचे परिणाम एवढ्यावर थांबत नाहीत. पूर्वेकडील बेटांवरून जहाजाने आलेला हा पक्षी तत्कालीन इंग्लंडमध्ये दुर्मीळ व महाग होता. कोणताही फिरता व्याख्याता तो पंपात घालणे संभवत नाही. इंग्रजीतील त्याचे नाव मलय भाषेतून आलेले आहे आणि मराठीतील 'काकाकुवा' हा शब्दही त्याच मुळाशी नाते सांगतो. पक्षी आणि त्याचे नाव ही दोन्ही व्यापाराच्या वाटेने आलेली आहेत. शिवाय काचेतील पांढरा पसरलेला पंख ख्रिस्ती प्रेक्षकाला पवित्र आत्म्याच्या कबुतराची आठवण करून देणार, हे उघडच आहे. चिमणीच्या मरणाने जे घडले नसते ते काकाकुव्याच्या मरणाने घडते: प्रेक्षकाला किंमत मोजावीशी वाटते. ही मात्र चित्राची थोडी उणी बाजूही मानावी लागेल. करुणा जागवण्यासाठी मौल्यवान, देखणा जीव निवडावा लागला, यात अठराव्या शतकातील भावविवशतेचा अंश आहे. मुलींचे चेहरेही थोडे जास्त गुळगुळीत, चिनीमातीच्या बाहुल्यांसारखे झाले आहेत. तुलनेने घड्याळवाल्या पुरुषाचे आणि वृद्धाचे चित्रण कितीतरी सरस आहे.

राइट यांना दम्याचा विकार होता व त्याचा या विषयाशी संबंध जोडण्याचा मोह होणे शक्य आहे. श्वास कोंडण्याचा अनुभव असलेला चित्रकार हा विषय निवडतो, हे ऐकायला आकर्षक वाटते; पण चित्रावाचून ज्याला आधार नाही अशा चरित्रात्मक समीक्षेने फारसे काही हाती लागत नाही.

क्रोधाविना रौद्रकर्म

भरताने चार मूळ रसांपासून इतर चार रसांची उत्पत्ती सांगितली आहे. वीराच्या कर्मातून अद्भुत उत्पन्न होतो आणि रौद्राच्या कर्मातून करुण. या चित्रासंबंधीचा वाद या दोन वाक्यांत जवळजवळ सामावलेला आहे. व्याख्यात्याचे कर्म वीराचे मानले, निसर्गावरील बुद्धीचा विजय मानला, तर निष्पन्न होणारा रस अद्भुत होय आणि चित्राला गौरवचित्र म्हणणे योग्य ठरते. ते कर्म रौद्राचे, म्हणजे बंधनाचे व वधाचे मानले, तर करुण हाच त्याचा परिणाम. विज्ञानाची महती सांगणारे टीकाकार पहिली वाट धरतात. प्राण्यांविषयीच्या आधुनिक संवेदनेतून लिहिणारे दुसरी. दोन्ही पक्ष कर्त्याविषयी आधी निर्णय घेतात आणि मग तोच निर्णय चित्रात वाचतात.

वास्तविक चित्रातील कर्ता या दोन्ही कोटींत बसत नाही. रौद्राचा स्थायीभाव क्रोध आहे, आणि या व्याख्यात्याच्या मुद्रेवर क्रोधाचा लवलेश नाही. वीराचा स्थायीभाव उत्साह. तो मात्र त्याच्या ठायी आहे. म्हणजे वीराच्या उत्साहाने येथे रौद्राचे कर्म घडत आहे. एका जिवाला कोंडून त्याचा श्वास काढून घेतला जात आहे आणि ते करणाऱ्याच्या मनात त्या जिवाविषयी कोणताही दुष्ट भाव नाही. क्रोधाविना घडणाऱ्या या रौद्रकर्माला भरताच्या मांडणीत जागा नाही, आणि ते नाट्यशास्त्राचे न्यून म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेपूर्वीच्या जगाला अशा कर्त्याचा परिचय असण्याचे कारण नव्हते. त्याच्यासाठी इंग्रजीतही तेव्हा स्वतंत्र शब्द नव्हता. वैज्ञानिक या अर्थाचा इंग्रजी शब्द विल्यम ह्यूएलने १८३० च्या दशकात घडवला. राइट यांनी शब्द तयार होण्यापूर्वीच ती व्यक्ती पाहिली आणि तिला एखाद्या ऐतिहासिक महाचित्राच्या आकारमानात रंगवले. त्या काळी हा आकार देवादिकांसाठी, राजांसाठी व युद्धांसाठी राखून ठेवलेला असे.

म्हणूनच व्याख्यात्याचे चित्राबाहेर पाहणे निर्णायक आहे. रेम्ब्राँटच्या १६३२ मधील शरीरविच्छेदनाच्या चित्रात डॉक्टर तुल्प श्रोत्यांना शिकवण्यात मग्न आहे आणि मेजावरील देह आधीच मृत आहे. तिथे प्रेक्षकाकडून कोणतीही अपेक्षा नाही. राइट यांच्या चित्रात पक्षी अजून मेलेला नाही. व्याख्यात्याचा एक हात झडपेवर आणि दुसरा प्रेक्षकाच्या दिशेने उघडा आहे. त्यामुळे मेजाच्या या बाजूची रिकामी जागा प्रेक्षकाची होते आणि तो अकरावा साक्षीदार बनतो. त्याला विचारले जात आहे की आणखी थांबायचे का? व्याख्यात्याची नाट्यमय, काहीशी जादूगाराची धाटणी अनेकांना खटकते. एखाद्या अभ्यासू प्रयोगकर्त्याऐवजी राइट यांनी हा रंगमंचावरचा पुरुष का उभा केला, याचे उत्तर या प्रश्नात आहे. अभ्यासू प्रयोगकर्त्याने प्रेक्षकाकडे पाहिलेच नसते.

पुढील वाटचाल

राइट यांनी या आकाराचे वैज्ञानिक प्रात्यक्षिकाचे चित्र पुन्हा केले नाही. व्हॅलेंटाइन ग्रीनने १७६९ मध्ये तयार केलेल्या मेझोटिंट प्रतीमुळे हे चित्र दूरवर पोहोचले. पण चित्रकार स्वतः लोहारशाळा, भट्ट्या आणि इटलीच्या प्रवासानंतर व्हेसूव्हियसच्या ज्वालामुखीकडे वळला. १७७१ मधील 'परिसाच्या शोधातील किमयागार' या चित्रात तो एकदा प्रयोगशाळेत परतला, परंतु तिथला वृद्ध फॉस्फरसच्या तेजापुढे गुडघे टेकून बसला आहे. त्याच्यासमोर मरणारे काही नाही, म्हणून त्याचा विस्मय निर्भेळ आहे आणि तो प्रार्थनेच्या जवळ जातो. अद्भुतरसाचे राइट यांचे खरे चित्र हेच म्हणावे लागेल.

१७६८ च्या चित्रात खिडकीबाहेर ढगांआड पूर्ण चंद्र आहे. पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ल्युनर सोसायटीशी तो जोडला जातो. राइट तिचे सदस्य नव्हते, पण इरॅस्मस डार्विन, जॉन व्हाइटहर्स्ट यांच्यासारख्या तिच्या मंडळींशी त्यांचा परिचय होता. त्या चंद्राच्या उजेडात उभा असलेला मुलगा चित्रातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. त्याच्या हातात पिंजऱ्याची दोरी आहे. पक्षी वाचेल म्हणून तो पिंजरा खाली घेतो आहे, की आता गरज नाही म्हणून वर ओढतो आहे, हे दोरीवरून ठरवता येत नाही, आणि त्याने मान वळवून मेजाकडे पाहिले आहे.